पडवीतली स्कूटर आणि तिचा सातबारा

मे महिन्यात मुंबईहून गावी आलेला नातू पडवीतली लाकडं हलवतो आणि मागे प्लास्टिकखाली झाकून ठेवलेली आजोबांची चेतक त्याला सापडते. रंग उडालेला, सीटच्या फोमात उंदरांनी घर केलेलं, टायर जमिनीला चिकटलेले. पण पत्रा अजून धड असतो. टेम्पोत घालून ती लांज्याच्या नाहीतर पालीच्या मेकॅनिककडे जाते. तो कार्ब्युरेटर साफ करतो, प्लग बदलतो, पेट्रोलमध्ये मापाचं ऑइल मिसळतो आणि बऱ्याच किका मारल्यावर निळा धूर सोडत ती सुरू होते. घरी फोनवर तो आवाज ऐकवला की आजीचे डोळे भरून येतात. मग कोणीतरी विचारतं, "कागद कुठायत रे हिचे?"

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडपासून राजापूरपर्यंत अशा स्कूटर पडव्यांत, खोप्यांत, गोठ्यांत उभ्या आहेत. घरटी एक माणूस चाकरमानी असलेला हा जिल्हा. वापरणारा माणूस मुंबईला गेला किंवा वारला आणि गाडी जागच्या जागी राहिली. कागद ट्रंकेत होते, त्यांना कसर लागली. भिंत पाझरली, त्यांचा लगदा झाला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तर कित्येक घरांतले कपाटभर कागद एका दिवसात गेले. त्यामुळे हा प्रश्न कोणा हौशी माणसापुरता नाही. आणि त्याचं उत्तर लोक समजतात तितकं निराशाजनकही नाही. अवघड भाग आहे, पण तो कुठे आहे हे नीट समजून घ्यायला हवं.

सुरुवात कागद म्हणजे काय इथून करू. अमेरिकेत प्रत्येक गाडीला 'टायटल' नावाचा मालकीचा वेगळा दस्त असतो आणि नोंदणी ही त्याहून निराळी. तो दस्त हरवला की जुनी गाडी घेणाऱ्याची मोठी अडचण होते. व्हरमाँट हे राज्य पंधरा वर्षांहून जुन्या गाडीला टायटल मागत नसे, म्हणून देशभरचे लोक टपालाने तिथली नोंदणी मिळवत. २०२३ मध्ये परराज्यातल्या लोकांसाठी ती वाट बंद झाली. ब्रिटनमधलं नोंदणीपुस्तक तर स्वतःच सांगतं की मी मालकीचा पुरावा नाही, गाडी कोण सांभाळतो एवढंच मी सांगतो. आपल्याकडे वेगळं टायटल नाही. आपल्याकडे आहे ते नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेलं 'आरसी बुक'. जुन्या काळी कराची नोंदही सोबत असे म्हणून कोणी 'आरसी-टीसी' म्हणे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) मध्ये मालकाची व्याख्याच अशी आहे की ज्याच्या नावावर वाहन नोंदलेलं आहे तो मालक.

कोकणी माणसाला हे समजावायला सातबारा पुरे. शेतजमिनीचा सातबारा हा महसुलाचा कागद. त्याच्यावरच्या नोंदीने मालकी जन्माला येत नाही, असं न्यायालयं वारंवार सांगतात. तरीही व्यवहारात सातबाऱ्यावर नाव नसेल तर माणूस हवालदिल होतो. आरसी बुक हा स्कूटरचा सातबारा आहे आणि ती नावावर करून घेणं म्हणजे फेरफार. पैसे देऊन, किल्ली घेऊन तुम्ही गाडी विकत घेतलीत तर वस्तू-विक्रीच्या कायद्याप्रमाणे ती तुमची झाली. नोंदणी कार्यालयाला कळवलं नाही म्हणून विक्री रद्द ठरत नाही. जुन्या मोटार कायद्याच्या काळातच पन्नालाल विरुद्ध चांदमल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. पण रस्त्यावर अपघात झाला, तर भरपाईसाठी कायदा नोंदवहीतलं नाव वाचतो. एकाच स्कूटरला असे दोन मालक असू शकतात, एक हातातला आणि एक वहीतला. जुन्या स्कूटरच्या कागदांची सगळी धडपड या दोघांना एक करण्यासाठी असते.

हातातला आणि वहीतला मालक वेगळे का पडले, याला इतिहास आहे. तो जाणून घेतला नाही तर आपल्या घरातली स्कूटर भलत्याच नावावर निघाल्यावर धक्का बसतो.

बजाज कंपनीने इटलीच्या पियाजिओशी करार करून १९६० च्या सुमारास आकुर्डीला व्हेस्पा बनवायला घेतली. १९७१ मध्ये तो करार संपला आणि पुढच्याच वर्षी राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव घेऊन 'चेतक' आली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून 'प्रिया' निघे, मुंबईत लॅम्ब्रेटा जुळवल्या जात, लखनौहून 'विजय' येई. तरी मागणी इतकी आणि परवाने इतके मोजके, की चेतक नोंदवून दहा-दहा वर्षं वाट पाहावी लागे. स्कूटर कोणाला आणि कशी विकायची, यावर १९६० पासून सरकारी नियंत्रण आदेश होता. टंचाई आली की माणसं वाटा शोधतातच. लोक बायकोच्या, मेव्हण्याच्या, नोकरीतल्या सहकाऱ्याच्या नावाने नंबर लावून ठेवत. ज्याचा नंबर आधी लागे त्याच्याकडून वर 'ऑन' देऊन गाडी घेतली जाई. अशा घरात स्कूटर पहिल्या दिवसापासून आजोबांनी चालवली, पेट्रोल त्यांनी भरलं, ग्रामदैवतापुढे नारळ त्यांनी फोडला. वहीत नाव मात्र कोणा परक्याचं. घरच्यांना हे ठाऊकच नसतं. म्हणून माझा पहिला आग्रह असा की, "आमचीच आहे" या भरवशावर एक पैसाही खर्च करण्याआधी वहीतलं नाव पाहून घ्या.

ते नाव पाहायचं तर गाडीची ओळख हवी. कागद नसला तरी ती ओळख गाडीच्या अंगावर कोरलेली असते. नंबरप्लेट ही ओळखीतली सर्वांत कच्ची गोष्ट. ती कोणीही रंगवू शकतो. पक्की ओळख चासी नंबर आणि इंजिन नंबर यांची. चेतकचं इंजिन उजव्या बाजूला. तिकडचं पत्र्याचं झाकण काढलं की सांगाड्याच्या पत्र्यावर ठोकलेला चासी नंबर सापडतो आणि इंजिनाच्या धडावर, मागच्या शॉकॲब्सॉर्बरजवळ, इंजिन नंबर. कोकणात इथेच घोळ होतो. चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि समुद्रावरचं खारं वारं यांनी तो पत्रा खाल्लेला असतो. अशा वेळी घाईघाईने ग्राइंडर फिरवू नका. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर लावून ठेवा, मऊ ब्रशने गंज काढा, मग पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासा. डोळ्यांना न दिसणारे अंक कागदावर उमटतात. परिवहन कार्यालयातही तपासणीच्या वेळी असाच पेन्सिलचा छाप घेतात. घासून गुळगुळीत केलेला चासी नंबर म्हणजे चोरीच्या गाडीची खूण, असाच अर्थ तपासणारा अधिकारी घेणार, आणि त्याचं चूक नाही. अंक खरोखरच गेले असतील तर ते पुन्हा ठोकायचे की नाही हे परिवहन कार्यालयाच्या लेखी परवानगीनेच ठरतं. गॅरेजमध्ये परस्पर ठोकून घेणं हा गुन्हा होऊन बसतो.

नंबर हाती आले की वही शोधायची. १ जुलै १९८९ पासून नवा कायदा लागू झाला आणि त्याबरोबर रत्नागिरीला एमएच-०८ ही खूण मिळाली. त्याआधीच्या गाड्यांवर तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे असत. तो जुना नंबर रद्द झालेला नाही. गाडीची नोंद चालू असेपर्यंत तो तिचाच. पण तो कोणत्या कार्यालयाच्या वहीत आहे हे आधी ठरवावं लागतं. चाकरमान्याने दादर-परळला घेतलेली आणि पुढे गावी आणलेली स्कूटर मुंबईच्या वहीत असणार. सावंतवाडी, कणकवली, मालवण हे तालुके तर १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते. त्यामुळे कागदावर जिल्हा रत्नागिरी लिहिलेला असला तरी आजचं कार्यालय दुसरं असू शकतं.

आज बहुतेक जण मोबाइलवर 'एम-परिवहन' उघडून नंबर टाकतात, "नोंद आढळली नाही" असं वाचतात आणि हात टेकतात. इथे थांबायचं कारण नाही. 'वाहन' ही संगणक प्रणाली नंतर आली. जुन्या जाड नोंदवह्यांतल्या सगळ्याच गाड्या तिच्यात चढलेल्या नाहीत. संगणकात नाव नसणं आणि वहीत नाव नसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कार्यालयात अर्ज करून, मूळ वहीतली नोंद काढायला लावून ती संगणकात चढवून घेता येते. याला तिथली माणसं 'बॅकलॉग एंट्री' म्हणतात आणि हाच शब्द वापरून विचारलंत तर काम लवकर समजतं. घरात शोधताना आरसी बुकावरच अडून बसू नका. विम्याची जुनी पावती, कर भरल्याचं चलन, कंपनीचं सर्व्हिस कूपन, डीलरचं बिल, बँकेच्या कर्जाचं पासबुक, अगदी गाडीसोबत काढलेला आणि नंबर दिसणारा फोटोसुद्धा चालेल. यांतला प्रत्येक कागद वहीतल्या एका ओळीकडे बोट दाखवतो. वहीत गाडीची नोंद रद्द झाल्याचा शेरा असेल, तर मात्र ती पुन्हा जिवंत करण्याच्या मागे लागू नये.

नोंद सापडली आणि मालक हयात आहे, गाडी त्याच्याच नावावर आहे, फक्त पुस्तक हरवलं आहे, असं असेल तर काम सोपं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ५३ व्या नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करायची, नमुना २६ भरायचा, नोंदणी शुल्काच्या निम्मी रक्कम भरायची. दुय्यम प्रत मिळते. यात दलाल लागत नाही.

आजोबा वारले असतील तर गोष्ट लांबते, आणि जिल्ह्यातल्या बहुसंख्य पडव्यांतली गोष्ट हीच आहे. नियम ५६ सांगतो की मालकाच्या मृत्यूनंतर ज्याच्या ताब्यात गाडी आली त्याने तीस दिवसांत कळवावं आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी नावावर करून घ्यावी. शेतजमिनीच्या वारसनोंदीलाही महसूल कायद्याने तीनच महिने दिलेले आहेत. जमिनीची वारसनोंद पिढ्या-पिढ्या न करणारे आपण स्कूटरची कुठली करतो? मुदत उलटली म्हणून हक्क जात नाही. उशिराचा आकार वाढतो आणि कागद जास्त मागितले जातात, इतकंच.

समजा आजोबांनी १९७८ मध्ये चेतक घेतली आणि ते १९९६ मध्ये गेले. मृत्युपत्र नाही. त्यांची स्वकष्टार्जित वस्तू म्हणून हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगे आणि मुली यांचा सारखा हक्क. एक मुलगा डोंबिवलीला, एक वसईला, मुलगी देवरुखला दिलेली. तिसरा मुलगा नंतर वारला, म्हणजे त्याच्या जागी त्याची बायको आणि मुलं आली. आता नातवाच्या नावावर गाडी करायची तर या सगळ्यांची संमती लागते. घरोघर होणारी चूक अशी की भावाभावांच्या सह्या गोळा होतात आणि आत्याला कोणी विचारतच नाही. आत्याचा हक्क कायद्याने तितकाच आहे. तिची सही नसलेलं प्रतिज्ञापत्र अपुरं ठरतं आणि परत येतं. तिला विचारा, मानाने विचारा. लग्नानंतर याच स्कूटरवर बसून ती माहेरी आली असेल.

कागद कोणते, तर मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, इतर वारसांची ना हरकत, आणि ज्याच्या नावावर करायची त्याचा पत्त्याचा पुरावा. मृत्यूची नोंदच राहून गेली असेल तर ग्रामपंचायतीत ती आधी करून घ्यावी लागते आणि जुन्या मृत्यूला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. तिथे वेळ जातो. वारसांत तंटा असेल किंवा कार्यालयाचं समाधान होत नसेल तर दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र आणावं लागतं. महाराष्ट्रात ते आजही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली दिलं जातं. कंपनी सरकारच्या काळातला तो नियम दोनशे वर्षांनी चेतकच्या कामी येतो. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला राज्य शासनाने मुद्रांक शुल्क माफ केलेलं आहे, हेही लक्षात असू द्या. स्टँपचा आग्रह झाला तर हे सांगा.

आरसी बुकावर कर्जाचा बोजा असेल तर एक वळण आणखी. कर्ज पन्नास वर्षांपूर्वी फिटलं असलं तरी नोंद उतरवायला नमुना ३५ वर बँकेची सही लागते, आणि ती बँक आता त्या नावाने असतेच असं नाही. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. त्यांच्या जुन्या कर्जदाराने बडोदाच्या शाखेत जायचं. जुन्या बँकेची उत्तराधिकारी कोण हे शोधलं की काम होतं.

आता सर्वांत अवघड प्रकार. गाडी वारशाने आली नाही, विकत घेतली; ज्याच्याकडून घेतली त्याच्याही नावावर ती कधी नव्हती. मूळ मालकाने कोऱ्या टीटीओ फॉर्मवर, म्हणजे नमुना २९ आणि ३० वर, सह्या करून दिल्या. ते सही केलेले फॉर्म गाडीच्या डिकीत पडून एका हातातून दुसऱ्या हातात गेले. तिसऱ्या-चौथ्या हातात गाडी पोचेपर्यंत फॉर्म फाटले, हरवले, सही करणारा माणूस गाव सोडून गेला. खरं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर नंबर बदलायचाही प्रश्न नसतो. ना हरकत दाखल्याचं कलम परराज्यात जाणाऱ्या गाडीसाठी आहे. इतकं सरळ काम टाळल्यामुळे काय होतं, ते ६ फेब्रुवारी २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात वाचावं. गाडी एकामागून एक विकली गेली होती, नाव मात्र पहिल्याचंच राहिलं होतं, विमा नव्हता, अपघातात जीव गेला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपघातग्रस्ताने मालकांची साखळी शोधत फिरायचं नाही, नोंदणीत ज्याचं नाव त्यानेच भरपाई द्यायची. दोन वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळा झालेला माणूस जबाबदार ठरला. म्हणून गाडी विकणाऱ्यालाही माझं सांगणं आहे, की टीटीओवर सही करून देऊन तुम्ही सुटत नाही. नाव उतरलेलं स्वतः पाहा.

साखळी तुटलेली असेल तर ती मागे जात जोडायची. ज्याने विकली त्याला गाठायचं, त्याने कोणाकडून घेतली ते विचारायचं, वहीतल्या पत्त्यावर जायचं. कोकणात हे शहराच्या मानाने सोपं आहे. वाडीचं नाव आणि आडनाव एवढ्यावर माणूस सापडतो. तो नसला तर त्याचा पुतण्या सापडतो. देवळाच्या पाराशी बसलेल्या म्हाताऱ्यांना कोणाची स्कूटर कोणी घेतली हे साल-महिन्यासकट आठवतं. मूळ मालक सापडला तर नव्याने नमुना २९ वर सही घ्या आणि मधल्या हातांची लेखी कबुलीही घ्या. तो वारला असेल तर त्याच्या वारसांकडून वर सांगितलेल्या वाटेने. कोणीच सापडलं नाही तर शेवटची वाट दिवाणी न्यायालयाची. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ३४ खाली मालकी जाहीर करून मागता येते आणि तो हुकूमनामा परिवहन कार्यालयाला दाखवता येतो. वकिलाची फी, तारखा, वर्षं यांचा हिशेब घातला तर चेतकच्या किमतीच्या कितीतरी पलीकडे खर्च जातो. ती गाडी तुमच्यासाठी तितकी मोलाची असेल तरच या वाटेला जा.

पोलीस ठाण्याच्या आवारातल्या बेवारस गाड्यांच्या लिलावातून स्कूटर घ्यायची असेल तर जाहिरातीतला एकच शब्द शोधा. गाडी 'भंगार' म्हणून विकली जात असेल तर तिला नंबर कधी मिळणार नाही. वापरण्याजोगी म्हणून विकली आणि लिलावाचा आदेश हाती आला, तर नियम ५७ प्रमाणे तीस दिवसांत नमुना ३२ भरून ती नावावर होते. इथे मूळ मालकाची सही लागत नाही, कारण सरकारी लिलावाचा आदेशच त्या सहीची जागा घेतो.

या सगळ्या खटाटोपाला कंटाळलेल्या माणसाला गाठून "कागद मी देतो" म्हणणारे लोक असतात. त्यांची पद्धत एकच. भंगारात गेलेल्या दुसऱ्या स्कूटरचं आरसी बुक आणायचं आणि त्यावरचा चासी नंबर तुमच्या गाडीवर ठोकायचा. मला याचा मनापासून राग येतो. तुमच्या आजोबांच्या गाडीची खरी ओळख त्या हातोडीखाली कायमची जाते, आणि खोट्या नंबराच्या गाडीसह तुम्ही आरोपी होता. उलट बाजूनेही सावध राहा. स्वस्तात मिळाली म्हणून विनाकागद स्कूटर घेण्यापूर्वी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेत तिचे नंबर तपासा. चोरीचा माल माहीत असून किंवा तसं मानायला जागा असून जवळ ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

नाव चढलं म्हणजे गाडी रस्त्यावर आली असं नाही. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. जुन्या कायद्याखाली नोंदलेल्या गाड्यांनाही हे लागू आहे. १९७८ ची चेतक १९९३ मध्येच पहिल्या नूतनीकरणाला आली होती. ते करायला नमुना २५, तपासणी, विमा, प्रदूषणाचा दाखला आणि पर्यावरण कर लागतो. हा कर महाराष्ट्रात २०१० पासून आहे. दुचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० चं १,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या दुचाकीला २,००० झालं. शुल्क बदलत राहतं, म्हणून जाण्याआधी संकेतस्थळावर पाहून जा. तपासणीला गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोतून न्या. नोंदणी संपलेली, विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणली तर दंड वेगळा आणि अपघात झाला तर घर विकायची पाळी वेगळी. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा २०२२ च्या दराने वर्षाला ७१४ रुपये होता. इतक्या रकमेसाठी तो धोका कोणी पत्करू नये.

धुराची भीती लोक उगाच घेतात. टू-स्ट्रोक म्हणजे नापास, असा समज आहे. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतं. कार्ब्युरेटर नीट लावलेली, सायलेन्सरमधली काजळी जाळून काढलेली आणि ऑइल मापात घातलेली चेतक यात बसते. दहा-पंधरा वर्षांच्या गाड्यांवरच्या बंदीबद्दल बातम्यांत येतं ते दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या प्रदेशाचं आहे. रत्नागिरीला ते लागू नाही. आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना जी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवायची आहे, तिच्या बुकिंगला चासी आणि इंजिनाचे अंक 'वाहन' प्रणालीशी जुळावे लागतात. म्हणून ती बॅकलॉग एंट्री आधी.

पन्नास वर्षं ओलांडलेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीसाठी जुलै २०२१ पासून 'व्हिंटेज' नोंदणीची वेगळी सोय झाली. तिचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतरच्या नोंदणीला ५,०००. आधी नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच राहतो. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा निमित्तांनाच. पावसहून रत्नागिरीच्या बाजारात आंब्याच्या पेट्या नेणाऱ्या कुटुंबाला याचा उपयोग नाही. साधं नूतनीकरणच बरं.

इतकं सगळं पाहिल्यावर ध्यानात येतं की यात धातू टिकतो, नंबर टिकतो, सरकारी वहीसुद्धा टिकते. टिकत नाहीत ती सही करणारी माणसं. आजी नव्वदीला आलेली असते, आत्याला आता दिसत नाही, मूळ मालक अंथरुणावर असतो. एकेक माणूस गेलं की त्याच्या एका सहीच्या जागी चार-पाच सह्या लागतात, आणि त्या कल्याण, नालासोपारा, सुरतपर्यंत पांगलेल्या असतात. २०२१ पासून आरसीवर वारसदार नेमून ठेवता येतो. ज्यांची गाडी आज त्यांच्या नावावर आहे त्यांनी ते लगेच करावं.

बाकीच्यांनी येत्या गणपतीची सुटी यासाठी वापरावी. वर्षातून तेवढ्याच दिवसांत सगळे वारस एका छपराखाली येतात. चतुर्थीच्या आधी चासी नंबरचा पेन्सिलछाप घेऊन ठेवा, मृत्यूचा दाखला काढून आणा, प्रतिज्ञापत्राचा मसुदा तयार ठेवा. आणि गौरीच्या जेवणाला आलेल्या आत्यापासून सुरुवात करून सगळ्यांच्या सह्या आणि आधारच्या प्रती गाड्या परत सुटायच्या आत घ्या.